अप्पांच्या काचखोलीचा उजेड

दिवसा अप्पांच्या हातात काठी असे. संध्याकाळी त्याच काठीला बल्ब लटकलेला असे. मागे लांबलचक वायर ओढत आमचे हे घरमालक व्हरांडाभर फिरत आणि जो समोर येईल त्याला वेताच्या खुर्चीत बसवून विचारत, "डोळ्यात येतंय का? खरं सांगा की." सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन सोलापूरला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, तेव्हा माझं स्वागतही याच प्रश्नाने झालं.

अप्पा मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. चादरींचा व्यापार मुलावर सोपवून मोकळे झालेले. त्यांच्या पत्नीला, अक्कांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं अंगणात जाणं थांबलं. मग अप्पांनी पुढच्या व्हरांड्याला काचा लावून अक्कांच्या कुंड्या आत आणल्या. सोलापूरच्या उन्हात काचेची खोली! "अप्पा, सांडगे घाला आत वाळत," शेजारी म्हणत. अप्पा ढिम्म. "दुपारचं कोण बसतंय? आमचं सगळं संध्याकाळचं." म्हणून तर उजेडाचा एवढा खटाटोप.

वायरमन त्यांना लांबून पाहिलं की सायकल वळवायचा. एक बल्ब नेच्यावर, एक शेवंतीवर असं रात्री ठरायचं आणि सकाळी बेत बदललेला असायचा. "घाई केली की उजेड बी बोचतो," हे वर ऐकवायचं. अक्कांना मात्र यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. त्यांना एकदम दाखवायचं होतं.

शेवटी दिवे लागले. खोली लग्नघरासारखी झळकली. अप्पांनी पेढे आणले. अक्का खुर्चीत बसल्या आणि मान वाकडी करून काचेत काहीतरी शोधू लागल्या.

"का गं, आवडलं न्हाई?"

"झाडं लई छान दिसत्यात," अक्का म्हणाल्या. "पण रस्ता कुटं गेला? काचंत माझी मीच दिसते. मला येणारं-जाणारं माणूस बघायचं होतं हो."

अख्ख्या गल्लीला त्या खुर्चीत बसवून झालं होतं. जिची खुर्ची, तिलाच विचारायचं राहिलं होतं. अप्पांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी आतले सगळे दिवे उतरले. एक मोठा बल्ब फाटकावर गेला आणि घरातला उजेड काचखोलीत येऊ नये म्हणून मधल्या दाराला जाडजूड चादर लागली. पण ऐन दिवेलागणीला अंधारात बसायचं? अक्का धास्तावल्या. "लक्ष्मी दारावरनं परत जाईल की."

"जाऊ दे की. फाटकावर बल्ब हाय, दिसंल तरी. हाक मारू."

लक्ष्मीचं माहीत नाही, पाहुणे मात्र परत जाऊ लागले. घरात अंधार बघून ते वळले, की काळोखातून अप्पांचा कानडीमिश्रित आवाज यायचा, "हौदु, हाओत की! या!" पाहुणा दचकायचा, अक्का खुदकन हसायच्या. त्यांचं हसणं मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

पुढे यांची बदली झाली. आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. नमस्कार करून, डोळे पुसून फाटकाबाहेर आलो. सामान टांग्यात चढलं. मी वळून हात केला. काचा काळ्याकुट्ट होत्या. आतलं काहीच दिसत नव्हतं.

"अंधाराला काय हात करताय, बाई?" टांगेवाला म्हणाला.

मला पुन्हा रडू फुटलं. पदराने तोंड झाकावंसं वाटलं, पण झाकलं नाही. तशीच बल्बखाली उभी राहिले. अक्कांना मी नीट दिसायला हवी होते.