सुपारीएवढी सफरचंदं

माझ्या हातच्या प्रत्येक पदार्थात खोट काढणं हा सासूबाईंचा हक्कच, आणि उलट उत्तर देणं हा माझा. पण गेल्या वर्षी त्या नाशिकहून आमच्याकडे इथे आखातात, अबू हलीफाला आल्या आणि तापाने पडल्या. ताप उतरला, तोंडाची चव मात्र गेली ती गेलीच. काहीही वाढा, दोन घास खाऊन म्हणायच्या, "छान झालंय." मी मुद्दाम उलट उत्तर द्यायचे, तरी खोट म्हणून काढायच्या नाहीत. या आठवड्यात जेवल्या नाहीत तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

अशात जवळच्या हवल्ली भागातल्या एका लेबनानी आजोबांच्या दुकानात ती सफरचंदं दिसली. सुपारीएवढी! एका गालाला लालभडक, दुसऱ्याला पिवळी, देठ लांबच लांब. मोडक्यातोडक्या हिंदीत ते सांगू लागले, हे क्रॅब ॲपल, त्यांच्या गावचं जुनं वाण, पणजोबांच्या झाडाची कलमं करकरून घराण्याने टिकवलेलं. मी तिथेच एक चावलं. आई गं! आंबट, वर तुरट, कानशिलं झिणझिणली. गर पांढरा आणि त्यात गुलाबी रेषा. साखरेत शिजवलं की आपोआप घट्ट होतं म्हणे. मी तर हरखूनच गेले. मोरांबा करायचाच!

घरी येताच सालं काढायला बसले. ढीग उचलून कचऱ्यात टाकणार, तोच सोफ्यावरून आवाज आला.

"अगं, सालं फेकतेस? सगळा रंग तर त्यातच आहे! दोडक्याच्या शिरांची चटणी करतो आपण, मग यांनी काय घोडं मारलंय?"

महिनाभर पडून असलेली बाई चक्क ओट्याशी येऊन उभी! मला काय करू नि काय नको असं झालं. मिरच्या, लसूण, तीळ पुढे केले. त्यांनी सालं तेलावर परतली, मीठ घालायला मला सांगितलं. मिक्सर फिरला. मी पटकन गरम भात वाढला, वर तूप, बाजूला ती लाल चटणी.

पहिला घास गेला. दुसरा. तिसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी पडलंय."

"आई! तुम्हाला मीठ कळलं!" मी अक्षरशः किंचाळले, आणि डोळे भरून आले.

"न कळायला काय झालं? सतरा वर्षं तेच तर सांगतेय तुला," असं म्हणत त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ अजून थोडा भात."