विरारहून अमेरिकेतलं बारसं

आमच्या घरात इंटरनेटमधलं सगळं मला कळतं. हे मीच जाहीर केलं होतं. त्यामुळे अमेरिकेत दादाला मुलगी झाली आणि तिची आत्या (म्हणजे मी!) विरारच्या मनवेलपाड्यात बसून कॅमेऱ्यावरून तिच्या कानात नाव सांगणार असं ठरलं, तेव्हा घरचे धास्तावले, मी नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "नाहीच जमलं, तर इथे माझी मैत्रीण आहे. ती सांगेल."

मैत्रीण! आत्या धडधाकट असताना? मी हट्टालाच पेटले.

रविवारी सकाळी शेजारणी नटूनथटून जमल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या फिलोमिना टीचर बारशाला पहिल्यांदाच आल्या होत्या. आईने त्यांना रीत समजावली. "आत्या कुर्रर्र करून कानात नाव सांगते ना, तेव्हा आपण तिच्या पाठीत धपाटे घालायचे."

"आमच्यात असा नाय गो," टीचर बाह्या सरसावत म्हणाल्या, "पन मारायला काय, मारते!"

स्क्रीनवर दादा आला. म्हणजे, चौकोन आले. त्यातला बाळ कुठला आणि पाळणा कुठला, काही कळेना. तरी मी माइकवर वाकले. "कुर्रर्र... सानिका!"

धप! धप! धप! डोळ्यांपुढे काजवे चमकले. मान वर केली, तर चित्र अडकलेलं, दादाचं तोंड उघडं आणि आवाज गायब.

"पोचलं नाही. राउटर बंद करून चालू करते!" मी म्हणाले.

केला. पुन्हा चौकोन, पुन्हा कुर्रर्र, पुन्हा धपाटे. (टीचरांना आता चांगलीच लय सापडली होती.) चित्र पुन्हा अडकलं.

"राउटर उंचावर हवा!" मी निदान केलं आणि बाबांना तो डोक्यावर धरायला देऊन स्टुलावर उभं केलं.

"अगं, हात भरून आले!"

"बाबा, हलू नका! तुम्ही हललात की अमेरिका हलते!"

तिसरं कुर्रर्र. मग चित्राचा आकार लहान करून चौथं. शेजारणींनी आता आळीपाळीने मारायचं ठरवलं, कारण त्यांचे हात दुखत होते. माझ्या पाठीची कोणी चौकशी केली नाही.

"आतल्या खोलीतला तुझा कॉम्प्युटर बंद करू का?" आईने विचारलं. "उगाच वीज जाते."

"आई, त्याचा काही संबंध नाही! हे टेक्निकल आहे!"

आईने जाऊन बटण दाबलं. त्याच क्षणी वहिनीच्या नथीतला मोती न् मोती दिसायला लागला! (आतल्या कॉम्प्युटरवर मी आदल्या दिवसापासून एका मालिकेचे झाडून सगळे भाग डाउनलोडला लावले होते.)

"दादा, आता नीट दिसतंय! शेवटचं एकदा नाव सांगते!"

"अगं, नको!" दादा हसून हसून रडायच्या बेतात होता. "पहिल्याच वेळी ऐकू आलं! तुम्ही आम्हाला सुरुवातीपासून स्वच्छ दिसताय!"

"मग थांबवलं का नाहीस?"

"ओरडत होतो की! तुलाच ऐकू येत नव्हतं. मग आम्ही खुर्च्या ओढून बघत बसलो."

सानिकाचं नाव मीच ठेवलं, हे मी आजही अभिमानाने सांगते. पुरावा म्हणून दादाने तिकडे केलेलं रेकॉर्डिंगही आहे. त्याची क्वालिटी इतकी उत्तम आहे, की प्रत्येक धपाटा कोणाचा, हे नातेवाईक अजून बोट ठेवून सांगतात.