हलूनका मास्तर

समस्त मराठी जनांस, विशेषतः ज्यांच्या घरी जुन्या हैदराबाद राज्याच्या शेवटच्या दिवसांतले ग्रुप फोटो भिंतीवर टांगलेले आहेत त्यांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, त्या फोटोंत मागच्या रांगेत काळा कोट घालून उभे असलेले जे रुबाबदार गृहस्थ आपण आजवर आपले काका, मामा किंवा सासरे समजत आलात, ते फक्त मानेच्या वर आपले काका, मामा किंवा सासरे आहेत. मानेखालचा मजकूर माझा आहे. कोट स्टुडिओचा आहे. या गौप्यस्फोटामुळे कोणाच्या घराण्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसल्यास मी दिलगीर आहे. पण आता माझेही खांदे उतरायला लागले आहेत, आणि त्यांचे ऐन तारुण्य कुठे कुठे लटकते आहे हे सांगून ठेवणे मला भाग आहे.

हे खांदे शोधून काढले हलूनका मास्तरांनी. मास्तरांनी जन्मात कोणाला काही शिकवले नव्हते. पण काळ्या कापडाखाली डोके घालणाऱ्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणत. हैदराबाद शहरात हिमायतनगरच्या रस्त्यावर, एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा स्टुडिओ होता. तिरप्या काचेच्या छपरातून उत्तरेचा उजेड आत येई. मागे रंगवलेला पडदा: संगमरवरी पायऱ्या, कारंजे आणि एक हंस, ज्याची मान रंगवणाऱ्याच्या हातून जरा जास्तच लांब झाली होती. कॅमेरा लाकडी, तीन पायांचा, आणि मास्तरांपेक्षा वयाने मोठा. मास्तर कापडाखाली शिरत, एक हात बाहेर काढत आणि आतून त्यांचा घुमणारा आवाज येई, "हलू नका!"

ऑफिसचा ग्रुप असला की हा हुकूम तीन भाषांत सुटे. "हलू नका! हिलना नक्को! कदलकंडी!" पहिला हुकूम ऐकून मराठी माणसे ताठ होत, दुसऱ्याला दख्खनी बोलणारे सावरून बसत, आणि तिसऱ्याला तेलुगू मंडळी श्वास रोखत, तोवर मराठी माणसांचा धीर संपून कोणीतरी नाक खाजवलेले असे. मग पुन्हा पहिल्यापासून. हा शब्द मास्तरांच्या तोंडात इतका बसला होता की तो स्टुडिओबाहेरही निसटे. इराण्याच्या हॉटेलात मी बिस्किटाला हात घातला की म्हणत, "हलू नका." न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर उलट न्हाव्यालाच बजावत, "हलू नका." न्हावी बिचारा वस्तरा धरून उभा राही.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती राज्याची वाटणी ठरली तेव्हा. मराठवाडा मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे आणि उरलेले आंध्राबरोबर. सरकारी नोकरांना कुठले राज्य वाट्याला येते, याशिवाय काचीगुड्याच्या पारांवर दुसरा विषय नव्हता. दिवाळीत भेटलेला माणूस संक्रांतीला औरंगाबादेत असे. अशा वेळी प्रत्येक कचेरीला एकाएकी आठवले, की आपला सगळ्यांचा मिळून फोटो नाही. मंडळी स्टुडिओत गोळा होत आणि मग कळे, की एक जण गेलासुद्धा. त्याला गाळून फोटो काढायला कोणाचे मन धजत नसे.

मास्तरांनी यावर तोड काढली होती. गैरहजर माणसाच्या जागी भलताच माणूस उभा करायचा. मग त्या गेलेल्याचा जुना फोटो मागवायचा, मापात मोठा करायचा, बारीक पात्याने डोके कापायचे, कागदाची कड मागून घासून पातळ करायची आणि ते डोके त्या भलत्याच्या धडावर चिकटवायचे. सांधा कुंचल्याने बुजवायचा आणि सगळ्याचा मिळून पुन्हा एक फोटो काढायचा. तो भलता म्हणजे मी. बी. ए.च्या परीक्षेने मला नुकताच नकार दिला होता, आणि तालमीतल्या मेहनतीने माझे खांदे बुद्धीच्या मानाने फारच भरले होते.

"या, आमचे खांदेकरी आले!" मी जिना चढलो की मास्तर ओरडत.

हे माझ्या आईच्या कानावर गेले तेव्हा ती पदर खोचून स्टुडिओत आली. "मास्तर, माझ्या तरण्याताठ्या पोराला खांदेकरी म्हणता? कोणाची तिरडी उचलायची आहे त्याला?"

मास्तरांनी कापडाखालून डोके काढले. "राज्याची, वहिनीसाहेब," ते अगदी शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही परेशान होऊ नका. जड नाही फार."

आई हसू दाबत परत गेली आणि मी नोकरीला लागलो.

एकदा एका काटकुळ्या हेडक्लार्कचे डोके माझ्या धडावर बसले. त्यांच्या पत्नी फोटो न्यायला आल्या. त्यांनी तो उजेडाकडे नेऊन पाहिला. "हे एवढे रुबाबदार कधी होते?" मास्तर म्हणाले, "बदलून देऊ का?" त्यांनी फोटो पदराखाली घेतला. "राहू द्या. आता काय, आहेत ते आहेत." परवाच अंबरपेठेत एका सत्यनारायणाला गेलो होतो. यजमानीणबाईंनी भिंतीकडे बोट दाखवून सांगितले, "हे आमचे आजेसासरे. खांदे बघा, काय व्यायाम केला असेल!" मी प्रसादाची वाटी खाली ठेवून म्हणालो, "हो, शिवाय रोज दूध प्यायचे."

पण मास्तरांचे खरे काम सुरू होई ते फोटो काढून झाल्यावर. खिडकीशी एक उतरते मेज होते, त्यात काच बसवलेली. तिच्यावर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन ते माणसांच्या चेहऱ्यांवर काम करत. याला ते सफाई म्हणत. गिऱ्हाइकाला सफाई म्हणजे रंग उजळणे एवढेच ठाऊक. एक खाँसाहेब म्हणाले, "मास्टर, जरा गोरा बनाव." मास्तर म्हणाले, "बनातूँ, खाँसाब. मगर घरवाले पहचाने नै तो मेरेकू बोलना नक्को." खाँसाहेबांनी विचार केला आणि आपल्याच रंगात घरी गेले.

सफाईचा त्यांचा कायदा एका ओळीचा होता. "पाहुणा असेल तर काढायचा, घरचा असेल तर ठेवायचा." पुटकुळी पाहुणी. जागरणाने डोळ्यांखाली आलेला काळेपणा पाहुणा. तीळ घरचा. देवीचे वण घरचे, पण त्यांना जरा सावलीत बसवायचे. कपाळावरच्या आठ्यांबद्दल ते आधी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. आठ्या बायकोच्या आहेत की साहेबाच्या, याचा अंदाज घेत. साहेबाच्या असल्या तर काढून टाकत. "साहेब बदलतो," ते म्हणत.

कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोके खाली आणि पाय वर. मास्तरांनी उभे आयुष्य माणसे अशीच पाहिली होती. रस्त्यात कोणी नमस्कार केला आणि ओळख पटली नाही, तर ते मान पार वाकडी करून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "हां, आता आलात लक्षात!" त्यांचे म्हणणे असे, की सुलटा माणूस लगेच तोंड सजवतो, उलट्याला ते जमत नाही. माझ्याकडेही त्यांनी पहिल्या दिवशी तसेच पाहिले होते. म्हणाले, "चेहरा जाऊ द्या. खांदे प्रामाणिक आहेत."

मास्तरांचे लग्न झाले नव्हते. स्टुडिओच्या मागच्या गल्लीत ते थोरल्या भावाकडे राहत. भावाला सगळे दादा म्हणत. ते महसूल खात्यात होते, आणि घरात त्यांचा आवाज फक्त जेवण झाल्यावर, ढेकरेच्या रूपाने ऐकू येई. घर चालवीत वहिनी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मास्तर शाळेत जायच्या वयाचे होते आणि त्यांची आई नुकतीच वारली होती. त्यानंतर त्यांच्या अंगाला पहिल्यांदा तेल वहिनींनी लावले, पहिला कॅमेरा घ्यायला दादांना वहिनींनी भरीस घातले आणि मास्तरांची टिंगल करायचा पहिला मानही वहिनींचाच. भाजी वाढताना त्या म्हणत, "भाऊजी, हलू नका, गरम आहे."

दादांना औरंगाबादचा हुकूम आला. मास्तरांचा स्टुडिओ इथे, उत्तरेचा उजेड इथे, गिऱ्हाईक इथे. ते कुठे जाणार? हे कोणी बोलले नाही, पण घरात सगळ्यांना कळले. वहिनींनी एकच मागणे घातले: जायच्या आधी घरच्या सगळ्यांचा एक फोटो. सगळ्या शहराचे फोटो काढणाऱ्या या घरात एकही फोटो असा नव्हता, ज्यात मास्तर होते. ते कायम कापडाखाली.

"काढू की," मास्तर म्हणाले. "आज उजेड बरोबर नाही."

दुसऱ्या दिवशीही उजेड बरोबर नव्हता. तिसऱ्या दिवशी फार होता. मग ढग आले म्हणे; ते फक्त मास्तरांना दिसले. सामान बांधून झाले, देवघरसुद्धा टोपलीत गेले, तरी उजेड काही बरा होईना. शेवटी वहिनीच दादांना आणि मुलींना घेऊन जिना चढून आल्या. "भाऊजी, हैदराबादेतला उजेड संपला असेल तर औरंगाबादेहून पाठवू का थोडा?"

मास्तरांनी निमूटपणे खुर्च्या मांडल्या. दादा आणि वहिनी बसले, मुली शेजारी. वहिनींच्या खुर्चीमागची जागा रिकामी ठेवून मास्तर मला म्हणाले, "खांदेकरी, कोट घाला आणि तिथे उभे राहा. माझे डोके मी मागाहून बसवतो."

वहिनींनी वळून माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "मला खांद्यांसकट भाऊजी हवेत," त्या म्हणाल्या. "हा मुलगा चांगला आहे, पण याला मी न्हाऊ घातलेलं नाही."

दादा आयुष्यात पहिल्यांदा जेवणाआधी बोलले. "उभा राहा रे."

मग कोट मास्तरांनी घातला आणि कापडाखाली मी शिरलो. काचेवर सगळे कुटुंब उलटे लटकले होते: मुलींच्या वेण्या वर निघालेल्या, दादांची टोपी तळाशी, आणि वहिनींच्या मागे कोट बिचकत घातलेला एक माणूस, ज्याला हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हते. इतरांचे हात हजार वेळा नीट करणारे मास्तर! त्यांचे म्हणणे मला त्या दिवशी पटले. उलट्या माणसाला खरोखरच काही लपवता येत नाही.

मी बाहेर आलो, प्लेट सरकवली आणि मास्तरांच्याच थाटात गरजलो, "हलू नका!" भिंगावरचे झाकण काढले. दादा हलले नाहीत. मुली हलल्या नाहीत. वहिनी तर देवीसारख्या बसल्या होत्या. मास्तरांनी मात्र तेवढ्यात मान खाली घालून वहिनींच्या डोक्याकडे पाहिले, आणि पुन्हा वर पाहिले.

दुसरी प्लेट लावू म्हणालो, तर ते नको म्हणाले. पुन्हा उभे राहणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. निगेटिव्ह धुऊन वाळली तेव्हा वहिनी मेजाशी आल्या. सगळे लख्ख आले होते. फक्त मास्तरांना दोन तोंडे होती: एक समोर बघणारे, आणि एक त्याच्यातूनच उतरून खाली वाकलेले, धुरासारखे. मास्तरांनी पेन्सिल उचलली. "खालचं काढतो. ओळखूही येणार नाही."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हा पाहुणा आहे का?"

मास्तरांनी मान पार वाकडी करून काचेकडे पाहिले. "नाही," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. इतक्या वर्षांत काहीही सफाई न करता त्या स्टुडिओतून गेलेला तेवढा एकच फोटो.

आता मास्तर नाहीत. त्या माडीवर शिकवणीचा वर्ग भरतो, आणि काचेच्या छपरावर उन्हाळ्यासाठी पत्रे टाकले आहेत. मी तारनाक्याला राहतो. आमच्या घरी पोरे हातातल्या छोट्या कॅमेऱ्यावर भराभर फोटो काढतात आणि कोणीही हलले तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण अजून कोणी फोटोसाठी उभे केले की मी डोके विसरतो आणि आधी खांदे सरळ करतो. ते मास्तरांचे शिकवणे. म्हणजे एका विद्यार्थ्यापुरते का होईना, ते मास्तर होते.

दादा-वहिनी औरंगाबादेला निघाले त्या सकाळी काचीगुडा स्टेशनवर मास्तर आणि मी, आम्ही दोघेच पोचवायला गेलो होतो. मनमाडकडे जाणारी गाडी उभी होती. दादा सामान मोजायच्या निमित्ताने डब्यात गुंतले होते. वहिनी खिडकीशी, मांडीवर कागदात गुंडाळलेला तो फोटो. मास्तर खिडकीचा गज धरून हवापाण्याचे बोलत होते. औरंगाबादेचा उजेड म्हणे कोरडा असतो, डोळ्यांना जपा. वहिनी हं हं म्हणत होत्या. शिट्टी झाली. गाडी हलली, तसे मास्तरही हलले. गज हातातच. आधी चालत, मग भरभर, मग धोतर एका हाताने उचलून चक्क पळत. हमाल बाजूला झाले. फलाट संपत आला होता, आणि मास्तर वहिनींकडे बघत होते, फलाटाकडे नाही. वहिनींनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले, त्यांची बोटे गजावरून सोडवली, आणि सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात, हसत आणि रडत, ओरडल्या:

"अहो भाऊजी, हलू नका!"