कोरडा हाये ना?

भट्टीवर काम करणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. वाटणारी भीती घरी सांगता येत नाही, मग आम्ही ती हसण्यावारी नेतो. चिखलीजवळच्या आमच्या कारखान्यातले अर्धेअधिक किस्से भास्करभाऊंचे.

आम्ही पंपाचे पितळी बुश ओततो. साचा मशीनवर गरगर फिरतो, भाऊ लांब दांड्याच्या लेडलनं त्यात वितळलेला रस सोडतात, तो कडेला चिकटून पोकळ बुश होतो. पण साच्यात चमचाभर पाणी राहिलं, तरी वाफ होऊन रस अंगावर उडतो. म्हणून मशीन सुरू व्हायच्या आधी भाऊ दर वेळी विचारतात, "कोरडा हाये ना?" आम्ही म्हणतो, "हाव."

*

नवा सुपरवायझर एकदा पाण्याची बाटली घेऊन मशीनजवळ आला. भाऊंनी ती काढून घेतली आणि गेटवर वॉचमनकडे नेऊन ठेवली. साहेब दिवसभर पाणी प्यायला गेटवर जात होते!

*

देऊळघाटला लग्नात आचारी पुऱ्या तळत होता. भाऊ पंगतीतून उठले आणि त्याचा झारा कोरडा आहे का, ते विचारून आले. शेवटची पुरी निघेपर्यंत तिथेच उभे. जेवले नाहीतच.

*

वहिनी सांगतात, भाऊ झोपेतही विचारतात. "म्या हाव म्हटलं, तवाच घोरतेत."

*

मग नव्या मशीनचा मुहूर्त आला. साचा सकाळीच तापवून कोरडा केला होता, पण शेठ उशिरा आले आणि तो निवला. शेठनी पूजा केली, मशीनच्याच काठावर नारळ फोडला. मग नातीला कडेवर घेऊन, नारळाची अर्धी वाटी हातात धरून, साच्याच्या तोंडासमोर उभे राहिले. तिला पहिला बुश दाखवायचा होता. भाऊ तेव्हा मागे भट्टीशी होते, त्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं.

ते लेडल घेऊन आले. "कोरडा हाये ना?"

"हाव," आम्ही सगळे एकदम म्हणालो. जरा जास्तच झटकन.

माझा हात बटणावर होता. भाऊ थांबले.

"पाहून सांगून राह्यले, का असंच?"

मी बटणावरचा हात काढला. बॅटरी लावून मी साच्यात डोकावलो. तळाशी पाणी चमकत होतं, त्यात करवंटीचा एक तुकडा.

भाऊंनी लेडल खाली ठेवलं.

"आबा, ते काऊन नाही ओतत?" नातीनं विचारलं.

शेठनी हातातली नारळाची वाटी हळूच पाठीमागे नेली.