दुधातली भुकटी

लग्नानंतर मी एक मूर्खपणा केला. नवरा काडीसारखा, म्हणून जत्रेतल्या तंबूवाल्याकडून मर्दानी ताकदीची भुकटी आणली आणि महिनाभर त्यांच्या दुधात गुपचूप कालवली. दंड तसूभर वाढले नाहीत. छाती मात्र धडधडू लागली. दवाखान्यात मी कबूल केलं. "त्यात काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं. मला कुठे ठाऊक!

आज नातू आरशासमोर दंड फुगवून बघतोय. शेजारी टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या भुकटीचा डबा. चष्मा लावून वाचला. आत काय, किती, ते यावरही धड लिहिलेलं नाही. "आधी डॉक्टरांना दाखव," म्हटलं. त्याचा चेहरा पडला. आहोत तसे आपण कुणाला तरी पुरतो, हे त्या वयात पटत नाही. तेव्हा दवाखान्यातून परतताना हे म्हणाले होते, "अगं, चव पहिल्याच दिवशी कळली. पण तू इतक्या आशेनं बघत होतीस, की पीत राहिलो."