झोपलेल्या मॅडम

आमच्या मॅडम डोळे मिटून ऐकायच्या. वसमतला हळदीच्या एका दुकानावरच्या माडीत आम्ही पाच जण सॉफ्टवेअर लिहायचो आणि त्या आमच्या प्रमुख. खालचे हमाल जिन्यातून डोकावले की त्यांना खुर्चीत डोळे मिटलेली बाई दिसे. ‘झोपलेल्या मॅडम’ हे नाव त्यांनीच पाडलं.

पण तीच आमची रीत होती. केलेलं काम पुढे पाठवण्याआधी मॅडमजवळ बसून ते मोठ्यानं समजावून सांगायचं. “बोल, मी ऐकून राहिले,” म्हणत त्या डोळे मिटायच्या. सांगता सांगता आपण कुठेतरी अडखळायचो आणि आपली चूक आपल्यालाच सापडायची. त्या फक्त विचारायच्या, “इथं काहून थांबलीस?” खालून हळदीचा वास यायचा, पंखा फिरत असायचा आणि आपलंच बोलणं कुठून तरी लांबून ऐकू आल्यासारखं वाटायचं. तशा दुपारी मला पुन्हा कुठे मिळाल्या नाहीत.

बाजाराच्या यार्डात हळद विकायला आणणाऱ्या शेतकऱ्यांना मोबाईलवर पाळीचा नंबर देणारं ॲप आमचं होतं. एका शनिवारी बाकीचे घरी गेलेले, आणि मी मॅडमना त्यातला एक बदल समजावत होते. निम्म्यावर आले तरी त्यांनी कुठे थांबवलं नाही. मान कललेली, श्वास संथ. माझी सेनगावची बस सुटायला आली होती. मॅडमना उठवायचं तरी कसं? पाय न वाजवता उठले, बदल तसाच पाठवला आणि बस गाठली.

सोमवारी सगळ्या शेतकऱ्यांना एकच नंबर गेला. यार्डाबाहेर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर! ज्या व्यापाऱ्यासाठी ॲप केलं होतं त्याचा फोन आला, “कोणी केलं? त्याला आजच काढा!” ही नोकरी गेली असती तर घरच्यांनी मला परत सेनगावबाहेर पाठवलं नसतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आमी केलं. काढायचं तर साऱ्यांलाच काढा.”

मग आम्हा पाचही जणांना घेऊन त्या यार्डात गेल्या. “चूक जिथं पडली तिथं जाऊन उभं राहावं.” दिवसभर उन्हात आम्ही चिठ्ठ्यांवर हातानं नंबर लिहून दिले. सकाळी शिव्या घालणारे एक काका दुपारी आम्हाला पाण्याचा जार देऊन गेले. व्यापारीही निवळला. कोणी माझं नाव विचारलं नाही.

पुढे वडील अंथरुणाला खिळले म्हणून मॅडम आपल्या गावी, साखऱ्याला निघाल्या. जिन्यात मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या.

“व्हय, झोपलेच होते. अप्पाची तकलीफ तवाच सुरू झाली होती, झोप न्हवती मला. म्हणून तर ‘आमी’ म्हणलं. पन लेकरा, उठवायचं होतंस. तुला मला उठवायची भीती वाटली, ही खरी चूक. अन् ती माझी हाय.”

आता त्या खुर्चीत मी बसते. डोळे मिटते. हमालांनी नावही तेच चालू ठेवलंय.

परवा नवीन आलेली मुलगी तिचं काम समजावत होती. हळदीचा वास, पंख्याचा आवाज. माझा डोळा लागला असावा. तिनं सरळ खांद्याला धरून मला हलवलं.

“मॅडम, उठा. माझं अजून सांगून व्हायचंय.”

माझे डोळे भरून आले. तिला वाटलं, झोपेनं. तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, पण कधी एकदा साखऱ्याला फोन लावते असं मला झालं होतं.