मेट्रनच्या हातातली पगारवाढ

मेट्रनने ती गोष्ट स्वतःच मागून घेतली होती, त्यामुळे कुरकुर करायला तिला तोंडच नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या पुरुषांच्या वॉर्डात तिची उभी हयात गेली. पगारवाढ ठरायची ती राजधानीतल्या कुठल्याशा कार्यालयात. वर्ष भरलं की सगळ्या नर्सना सारखीच. राबणारीला जेवढी, तेवढीच खुर्ची उबवणारीलाही. दरवर्षीच्या बैठकीत मेट्रन उठून एकच पालुपद लावायची, की ज्यांनी आमचा वॉर्ड डोळ्यांनी पाहिला नाही त्यांनी आमची वाढ का ठरवावी. ती उभी राहिली की मागच्या रांगेतले लोक घड्याळाकडे बघत. आणि एका वर्षी सरकारने चक्क तिचं ऐकलं. यापुढे वॉर्डातल्या निम्म्याच नर्सना वाढ मिळणार होती, आणि त्या कोणत्या हे मेट्रनने ठरवायचं होतं.

घरी तिचा धाकटा भाऊ होता, पोस्टातून निवृत्त झालेला. त्याने पेपर खाली ठेवून विचारलं, "मागितलंस ना, ताई? घे आता. मीही उद्यापासून चहा न सांगता करत जाईन. माझीही वाढ तुझ्याच हातात."

खोटं कशाला बोला, सुरुवातीला तिला ते आवडलंही. कधी नव्हे ते तिच्या गुडघ्यांची चौकशी होऊ लागली. ती आली की खुर्ची पुढे सरकायची. एरवी नाकावर माशी बसू न देणाऱ्या दोघीजणी तिच्यासमोर एकमेकींशी गोड बोलू लागल्या.

मग वॉर्ड हळूहळू बदलला. तिथे एक जुनी रीत होती. सगळ्यांत अत्यवस्थ रोगी नर्सच्या टेबलाजवळच्या चार खाटांवर असत, आणि जिच्या अंगात त्या दिवशी बळ असेल ती त्या खाटा घेई. कोणी नेमून द्यावं लागत नसे. पण त्या खाटांवर माणसं दगावत, नातेवाईक आरडाओरडा करत, तक्रारी होत. आता वाढीच्या वर्षात ते कोणाला नको होतं. एकीची पाठ धरली, दुसरीला दाराजवळच्या खाटांचा लळा लागला. राहिली एकटी स्टूलवाली. ती इतकी ठेंगणी होती, की सलाईनची बाटली टांगायला स्टूल घेऊन फिरायची. नवरा काम सुटून घरी बसलेला, पदरात दोन मुली. वाढ तिला हवी होती, तरी त्या खाटा तीच घेत राहिली.

दुसरा बदल मेट्रनच्या उशिरा लक्षात आला. पूर्वी दिवसाआड कोणीतरी टेबलाशी येऊन पुटपुटायचं. मॅडम, इंजेक्शन उशिरा दिलं. मॅडम, सलाईन संपलेलं मला कळलंच नाही. मेट्रन खरपूस समाचार घ्यायची, मग दोघी मिळून निस्तरायच्या, आणि ती गोष्ट टेबलाच्या पलीकडे जात नसे. आता कोणीच येईना. अख्ख्या महिन्यात वॉर्डात एकही चूक झाली नव्हती. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं, आणि म्हणूनच तिचं मन थाऱ्यावर राहिना.

एका दुपारी टेबलाजवळच्या खाटेवरचा म्हातारा सुतार संडासाच्या दारात चक्कर येऊन पडला. कपाळ फुटलं, टाके पडले. जिवावरचं थोडक्यात निभावलं. रक्तदाब पाहिला तर तळाला गेलेला. शेजारच्या रोग्याची रक्तदाब उतरवायची गोळी त्याच्या पोटात गेली होती हे उघड होतं. मेट्रनने सगळ्यांना विचारलं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

संध्याकाळी चादरींच्या खोलीत स्टूलवाली तिच्यामागून आत आली आणि दार लोटून उभी राहिली.

"मीच दिली ती गोळी. सकाळीच लक्षात आलं होतं माझ्या."

"मग बोलली का नाहीस? त्याला नुसतं खाटेवर झोपवून ठेवलं असतं तरी भागलं असतं."

"बोलणार होते, मॅडम. टेबलापर्यंत आले होते. तुम्ही मान वर केलीत, आणि मला माझी मॅडम दिसलीच नाही. माझी वाढ दिसली."

मेट्रन चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. गुडघे ठणकत होते. तिने विचारलं, "मग तुमची वाढ ठरवावी तरी कोणी?"

"जो आम्हाला ओळखत नाही त्याने," स्टूलवाली म्हणाली. "ओळखणाऱ्याला चुका सांगायच्या असतात."

जे झालं ते मेट्रनने सुताराला स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, माप माझंही चुकतं बाई, पण लाकडाला टाके पडत नाहीत. मग ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि हे काम मला नको म्हणाली. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्हीच तर इतकी वर्षं मागत होता."

"मागत होते, सर."

"सगळ्यांना सारखी वाढ देणं माझ्या हातात नाही. मग यंदा मीच ठरवतो."

त्यांनी ठरवलं. सकाळच्या फेरीत ज्या दाराजवळ त्यांना हसून भेटत, त्यांना वाढ मिळाली. स्टूलवालीला मिळाली नाही. ज्यांना मिळाली नाही त्या मेट्रनवर चिडल्या, आणि मिळालेल्यांना आता तिची गरज उरली नव्हती. गुडघ्यांची चौकशी बंद झाली. पुढच्या बैठकीत ती उठली आणि वाढ पुन्हा राजधानीतून, सगळ्यांना सारखी द्यावी, असं म्हणाली. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तिचं म्हणणं टिपून घेतलं गेलं, एवढंच.

भावाने मात्र चहा करणं सोडलं नाही. आता सवय लागली म्हणाला.

नंतर बऱ्याच दिवसांनी, पाळी संपता संपता, स्टूलवाली टेबलाशी येऊन उभी राहिली. स्टूल काखेतच होतं.

"मॅडम, पलीकडच्या आजोबांचं दुपारचं औषध राहिलं माझ्याकडून."

मेट्रनने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि कण्हत उठली. "डोळे कुठे असतात गं तुझे? चल, बघू त्यांना."